होतू पेंटरच्या पडद्यावरचा पिंपळ

बालाघाटला हौसेने कोणी जात नाही. नागपूरची माणसं गोंदियापर्यंत जातात, नातेवाइकांकडे जेवतात, आणि परत येतात. पुढे रेल्वेची छोटी गाडी लागते आणि राज्य बदलतं, एवढ्यावरून आपण असं बोलतो की पलीकडे माणसं राहतात की नाही याचीच शंका यावी. मीही त्यातलीच. गेले ती समितीने पाठवलं म्हणून, आणि समितीने मला पाठवलं ते बाकी कोणी तयार होईना म्हणून.

त्या समितीचं आधी सांगते. फाळणीला तीस वर्षं झाली म्हणून आमच्याकडच्या काही कलाप्रेमी मंडळींना अचानक निर्वासितांचा उमाळा आला. यांच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कुंचला धरला असेल तर तो दिवाळीत फाटक रंगवताना. पण प्रदर्शन करायचं ठरलं. नाव ‘हरवलेलं घर’. सिंधमधून, पूर्व बंगालमधून आलेल्या कलावंतांनी आपापल्या घराच्या आठवणी रंगवायच्या आणि आम्ही चहा पीत त्या बघायच्या. मी मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं चित्रकला शिकवते, त्यामुळे समितीत मला ‘तज्ज्ञ’ म्हणायचे आणि सगळ्या कामाला जुंपायचे. चिटणीसांनी एक फॉर्म छापून घेतला होता. नाव, मूळ गाव, आणि खाली ‘सोडून आलेल्या गोष्टी’ असा रकाना, पुढे चार ओळी कोऱ्या. चार! मी विचारलं, “अहो, एवढ्यात मावेल का?” तर म्हणाले, “बाई, थोडक्यात लिहायला सांगा.”

फॉर्मांची चवड, बालाघाट जिल्ह्यातली दोन नावं आणि होल्डॉल घेऊन मी निघाले.

गोंदियाच्या पुढे

छोट्या गाडीचं वर्णन करत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खिडकीबाहेर डोकं काढायचं नाही असं मी मनाशी तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा काढलं. बाहेर कापलेल्या धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या, त्यांचा वास येत होता, मोह आवरला नाही. इंजिनाच्या कोळशाचा कण नेमका उजव्या डोळ्यात. बालाघाट येईपर्यंत डोळा लालभडक आणि गालावर पाण्याची धार. स्टेशनवर तुळशीराम मेश्राम मास्तर घ्यायला आले होते. त्यांची बहीण माझ्याच शाळेत गणित शिकवते. तिच्या शब्दाखातर त्यांनी मला चार दिवस ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. मला बघून ते गांगरलेच.

“ताई, रडून काहून राह्यल्या?”

“रडत नाही हो, डोळ्यात कोळसा गेलाय.”

“हौ का? मले वाटलं, निर्वासितायचं काम हाये म्हणून...”

चिटणीस तिथे असते तर त्यांनी त्या डोळ्याचा फोटो काढून प्रदर्शनाच्या दारावर लावला असता. घरी गेल्यावर मास्तरांच्या बायकोने, शांताबाईंनी, मला खाटेवर बसवलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि पदराचं टोक ओलं करून एका झटक्यात कण काढला. ना ओळख ना देख. आमच्या कॉलनीत शेजारणीकडून वाटीभर साखर मागायलाही दहा मिनिटं प्रस्तावना करावी लागते.

जेवायला चिन्नोरचा भात होता. आमच्याकडे ज्याला वासाचा तांदूळ म्हणून सणावाराला मिरवतात, तो यांच्या रोजच्या पातेल्यात. सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी, अशी तिखट की दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी आलं. मी आपलं सहज म्हटलं, “तुम्ही मराठी माणसं, आणि इकडे मध्य प्रदेशात राहायला आलात!” मास्तरांनी घास खाली ठेवला.

“ताई, आमी कुठी आलो नाही. आमचा आजाबी इथंच मेला. आमी इथंच हावो, नागपूरच उठून दुसरीकडं गेलं.”

मी भात कालवला. खरंच आहे, छप्पन साली राज्यं बदलली तेव्हा आम्हाला यांचा निरोप घ्यायचंही सुचलं नव्हतं.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली मास्तर-शांताबाईंचा लग्नाचा फोटो. दोघं छातीत काठी घातल्यासारखे ताठ उभे. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा: दुमजली घर, लांब सज्जा, समोर पाणी, पाण्यात हंस, आणि कोपऱ्यात अर्धं छप्पर झाकणारा भला मोठा पिंपळ. माझ्यातली चित्रकलेची बाई लगेच जागी झाली. सज्जा एका बाजूला कललेला, खिडक्या एका मापाच्या नाहीत, हंस घरातल्या माणसाएवढे. आठवीतल्या मुलीला मी याचे पस्तीस गुणसुद्धा दिले नसते, आणि तसं मी मोठ्याने बोललेही.

शांताबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “घराचं नाई सांगता येत, ताई, पण झाड चांगलं हाये. ते आमचं हाये.”

“तुमचं म्हणजे?”

“आमच्यासाठीच काढलं फोटूवाल्यानं. आमी दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच साली लगीन झालं. पडदा नवाकोरा होता, आमीच पयले गिऱ्हाईक. त्या घरावर मांगून देवळाचं शिखर दिसे. ह्ये म्हणले, आता देव सोडले तं देवळापाशी उभं राहून फोटू काढाचा नाई. तं तो म्हणला, थांबा. अन् आमच्या देखत अर्ध्या घंट्यात पिंपळ काढला. बोधीचं झाड. शिखर सारं झाकून गेलं.”

तेव्हापासून ते झाड पडद्यावर होतं. आता त्यांच्या सुजाताला स्थळ सांगून आलं होतं, भंडाऱ्याचं. मुलाकडच्यांना फोटो पाठवायचा होता आणि तो त्याच झाडापाशी काढायचा होता. सुजाता हिंदीतच बोलायची, मराठीतलं सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. “मम्मी को वही पेड़ चाहिए,” ती मला म्हणाली आणि हसली.

बैहरची फेरी

माझ्याकडच्या दोन नावांत एक बैहरचं होतं, पूर्व बंगालमधल्या मूर्तिकाराचं, आणि दुसरं खुद्द बालाघाटातल्या होतचंद नावाच्या सिंध्याचं. मी आधी बैहरला गेले. का, तर खरं सांगते: बंगाली म्हणजे कलावंत असणारच, आणि सिंधी म्हणजे कापडाचं दुकान. एवढी माझी अक्कल. समितीला नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही.

बस घाटात पंक्चर झाली. सगळे उतरून रस्त्याकडेला बसले, कोणी बिड्या पेटवल्या, कोणी शिदोरी सोडली. एकटी मीच ड्रायव्हरला किती वेळ लागेल म्हणून विचारत राहिले, आणि तो दर वेळी “बस, हो गया” म्हणत राहिला. जंगल मात्र दाट आणि गार, आणि इतकं शांत की माझाच आवाज मला कर्कश वाटायला लागला. मग मीही बसले.

बैहरला पोचल्यावर कळलं की मूर्तिकार दोन वर्षांपूर्वीच बायकामुलांसह बस्तरकडे निघून गेला. समितीची यादी ताजी असेल असं मला वाटलंच कसं! बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भजी आणि चहा घेऊन बसले, तर गल्ल्यामागे फोटो. हॉटेलवाला, त्याची बायको, दोन पोरं, आणि मागे तेच दुमजली घर, तेच हंस, तोच पिंपळ.

“हा कुठे काढला हो?”

“बालाघाटले, होतूच्या इथं. सारे तिथंच काढते.”

“आणि हे घर कोणाचं?”

“घर?” त्याने मान वळवून फोटो असा बघितला की जणू घर पहिल्यांदाच दिसतंय. “असंल कोण्या राजाचं. कोणी म्हणते जबलपूरचं हाये.”

म्हणजे अख्खा जिल्हा त्या घरासमोर उभा राहून लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो आणि घर कोणाचं ते कोणालाच ठाऊक नाही, विचारावंसंही वाटलेलं नाही. परतीच्या बसमध्ये मी या अडाणीपणावर मनातल्या मनात एक भाषण तयार केलं. होतचंद आणि होतू एकच, हे लक्षात यायला मात्र मला अर्धा घाट उतरावा लागला.

होतूचा स्टुडिओ

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत गेले. एक लांबट खोली, टोकाला पडदा, बाजूला स्टूल आणि आरसा. होतचंद चाळिशीचा, सडपातळ, नखांत रंग. मोठी बहीण मोहिनी. तिला तो सिंधी रीतीने ‘अदी’ म्हणायचा, त्यामुळे सगळं बालाघाट तिला अदीच म्हणे. दोघांनी लग्नं केली नव्हती. अदीचं काम गिऱ्हाइकाला तयार करायचं. तोंडाला पावडर लावायची, केस विंचरायचे, आणि खुंटीवरचा एकुलता एक काळा कोट नवरदेवाला चढवायचा. बैहरच्या हॉटेलवाल्याने फोटोत कोणता कोट घातला होता ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी बसते न बसते तोच अदीने भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे केला. सकाळी दहाला, चहा नाही, पापड! आमच्याकडे पापड पंगतीत वाढतात, तोही शेवटून कोणी मागितला तर. मी नको म्हटलं. अदीने पेला मागे घेतला नाही, हात तसाच पुढे. होतचंद म्हणाला, “ले लो बहनजी, हमारे में मेहमान को पहले पापड़-पानी देते हैं. काहून ना बोलते हो?” त्याच्या हिंदीत ते ‘काहून’ इतकं घरच्यासारखं बसलं होतं की मला हसू फुटलं, आणि मी पापड खाल्ला. उन्हातून आलेल्या माणसाला खारट पापडानंतरचं पाणी किती गोड लागतं ते मला पन्नाशीत कळलं.

पडद्यावरचं घर त्यांचंच होतं. सिंधमधल्या हैदराबादचं, कालव्याकाठचं. तिथून निघाले तेव्हा होतचंद बारा वर्षांचा, अदी अठराची. आईवडील वाटेतल्या छावण्यांत वारले. बालाघाटात आल्यावर होतचंदने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुढे कॅमेरा घेतला, आणि पहिला पडदा रंगवायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून घर काढलं. रंग विटला की दरवर्षी दिवाळीआधी तो वरून हात फिरवी, आणि दरवर्षी दोघांचं भांडण होई.

“खिडकियाँ चार थीं,” अदी म्हणाली.

“पाँच.”

“चार! पाँचवीं तो कंवल चाचा के घर की थी. तू छोटा था, तुझे क्या मालूम.”

“तू तो पूरा दिन रसोई में रहती थी, बाहर से घर देखा कब?”

मी पडद्याजवळ गेले. नीट पाहिलं तर चौथी आणि पाचवी खिडकी कितीदा पुसली आणि पुन्हा काढली असेल ते रंगाच्या जाडीवरूनच दिसत होतं.

मी फॉर्म काढला. ‘कलावंताचं नाव’ वाचून दाखवलं तसा होतचंद ताठ बसला. “नाम के आगे चित्रकार लिखेंगे ना? इधर सब पेंटर बोलते हैं.” लिहीन म्हटलं. मग पडद्याकडे बघत, जरा लाजतच, तो म्हणाला, “बहनजी, बीस साल हो गए. मैंने यह घर कभी अकेला नहीं देखा. हमेशा सामने कोई खड़ा रहता है. नागपुर में दीवार पे टँगेगा ना, सिर्फ घर? मैं आऊँगा देखने. अदी को भी लाऊँगा.” अदी खुंटीवरचा कोट उगाच झटकायला लागली. तिलाही यायचं होतं.

‘मूळ गाव’ या रकान्यात त्याने सरळ बालाघाट लिहिलं.

“अहो, असं नाही चालत. हैदराबाद लिहा.”

“हैदराबाद में तो घर है,” तो म्हणाला. “गाँव बालाघाट है.”

मला राग आला. समितीच्या फॉर्मचा नव्हे, त्याचा! चिटणीसांना मी हसते, आणि इथे त्यांचीच बहीण शोभत होते. पुन्हा पडदा बघितला, आणि तो पिंपळ माझ्या डोळ्यात खुपला. चिटणीस म्हणणार, सिंधचं घर म्हणून आणलं आणि त्यावर बोधिवृक्ष? खेळ लावलाय काय? मी होतचंदला स्पष्ट सांगितलं, “हे झाड समितीला चालणार नाही. सिंधशी त्याचा काय संबंध?”

तेव्हा त्याने झाडामागे काय आहे ते सांगितलं. ते देवळाचं शिखर नव्हतंच. हैदराबादेत प्रत्येक छपरावर वारा धरायला लाकडी उंच खोके असायचे, वर तिरकं झाकण असलेले. त्याला मंघ म्हणत. समुद्राकडचा वारा त्यात शिरून खाली खोलीत उतरायचा. उन्हाळ्यात त्यांची आई त्या झोताखाली खाट टाकून सगळ्या पोरांना घेऊन निजायची. मेश्राम मास्तरांनी ते देऊळ समजून झाकायला सांगितलं, आणि यानेही काही न बोलता झाकलं.

“म्हणजे मंघ त्या झाडाखाली आहेत?”

“हाँ. पीछे सलामत हैं.”

झालं! मला तर घबाडच सापडलं. वारा पकडणारी छपरं! समितीतल्या एकाही शहाण्याने हा शब्द ऐकलेला नसणार. मी म्हटलं, झाड काढा, मी हा पडदा मधल्या भिंतीवर लावायला लावते. होतचंद घुटमळला. अदी म्हणाली, “रहने दो. बीस साल से पेड़ है.” पण त्याला नागपूर दिसत होतं. तो पडद्याकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि हात पुढे होईना.

शेवटी फडकं मी उचललं. बादलीत बुडवलं, पिळलं, आणि पिंपळाच्या शेंड्यावरून फिरवलं.

आता माझी कर्तबगारी ऐका. मांजरपाटावर खडूचा लेप, त्यावर सरसात कालवलेले रंग. हे रंग पाण्याने मुळापासून उठतात, हे मी आठवीच्या मुलींना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. तेवीस वर्षं! आणि मला वाटलं, हलक्या हाताने पुसलं तर वरचं झाड तेवढं जाईल आणि खालचं राहील. हिरवं गेलं, तपकिरी गेलं, मग करडं आलं, आणि मी “आले, आले, मंघ आले” म्हणून ओरडले. तेही फडक्याला लागून गेलं. खाली कोरं कापड. मी हात थांबवला तोवर छपराच्या जागी पांढरा डाग पसरला होता आणि त्यातून घाण पाणी सज्ज्यावर ओघळत होतं.

होतचंदने माझ्या हातून फडकं काढून घेतलं, बादलीत टाकलं, आणि पेन्सिल घेतली.

“कोई बात नहीं. फिर से बनाता हूँ.”

त्याने छपराच्या रेषेवर पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली. मग एक उभी रेघ काढली, खोडली. दुसरी काढली. “अदी, मुँह किधर था?”

“किधर मतलब? हवा की तरफ.”

“हवा किधर से आती थी?”

अदीने हात उचलला, एकीकडे दाखवला, मग दुसरीकडे. “सीढ़ी से चढ़ते थे तो... नहीं, रुक.” तिने डोळे मिटले. “तीन थे ना? कि दो?”

“मुझे तो चार याद थे,” तो म्हणाला.

खिडक्यांवरून वीस वर्षं तावातावाने भांडणारी ती दोघं आता भांडेनात. मला त्याचीच भीती वाटली. होतचंद स्टुलावर बसला. “मैं समझता था, पीछे रखा है,” तो मला नव्हे, कोणालाच नव्हे असं म्हणाला. “पेड़ के पीछे है, तो याद करने की क्या जरूरत. इसलिए कभी याद ही नहीं किया.”

मेश्रामांच्या आधी या पडद्यापुढे कोणी उभं राहिलं नव्हतं. म्हणजे मंघ दिसतील असा एकही फोटो साऱ्या मुलुखात नव्हता. जे काही उरलं होतं ते त्या कापडावर होतं, आणि ते माझ्या बादलीत गेलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नेमकी तेव्हाच शांताबाई सुजाताला घेऊन आल्या, मागे मास्तर. सुजाताने आईची जांभळी साडी नेसली होती, वेणीत शेवंती. शांताबाई पडद्याकडे बघून दारातच थांबल्या.

“हे काय करून ठेवलं? आमचं झाड काहून पुसलं?”

“मी पुसलं,” मी म्हणाले.

“तुमी? कायले?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फॉर्म, समिती, मंघ. सांगताना शरमेने कान तापले. मंघाचं ऐकल्यावर मास्तर हळूच बाकावर टेकले. त्यांचा चेहरा पडला होता.

“होतू, ते देऊळ नोहोतं?”

“नहीं मास्टरजी. घर का था.”

“मंग तवाच सांगाचं ना, बाबा! तू काहून नाई सांगितलं? मी काय आयकलं नसतं?”

होतचंद हसला. “आप बोले थे, हमने सब छोड़ दिया है, अब नया शुरू कर रहे हैं. मैंने सोचा, मेरे जैसे ही हैं. पहला ग्राहक, और मेरे जैसा. इनको मना क्यों करूँ?”

मास्तर खाली मान घालून बसले. मला रडू आलं, खरंच आलं, आणि या वेळी कोळशाचं कारण नव्हतं. शांताबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण पदर पुढे केला नाही. बरोबरच केलं.

मग अदी उठली. पावडरीचा डबा काढला, सुजाताला आरशासमोर बसवलं, आणि पाठमोरीच भावाला म्हणाली, “पेड़ बना. लड़की तैयार हो गई.”

“अदी, मंघ...”

“लड़की का रिश्ता आया है. भंडारा वाले तेरे मंघ देखेंगे कि लड़की देखेंगे? पेड़ बना.”

मास्तर स्वतः घरी जाऊन भिंतीवरचा लग्नाचा फोटो घेऊन आले. फ्रेमसकट. तो स्टुलावर उभा करून होतचंदने झाड पुन्हा काढायला घेतलं. फोटो काळापांढरा, तेव्हा हिरवा कसा होता याच्यावर वाद झाला. शांताबाई म्हणाल्या, नव्या पालवीचा, कोवळा. होतचंद म्हणाला, गडद. अदी म्हणाली, इसकी डाली बाईं तरफ थी, आँगन पे झुकी हुई, मैं उस पे झूला बाँधती थी. होतचंदने तिच्याकडे वळून बघितलं. हैदराबादच्या त्या घरात पिंपळ कधीच नव्हता, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याने फांदी डावीकडे वाकवली.

मी बाजूला उभी राहून रंग कालवून दिले. तेवढंच मला करू दिलं. सज्जा वाकडा आहे हे मला आता दिसत होतं, तसंच दिसत होतं, पण तोंड उघडायची माझी पत उरली नव्हती.

उन्हं उतरायच्या आत फोटो निघाला. झाड पुरतं वाळलं नव्हतं म्हणून सुजाताला दोन पावलं पुढे उभी केली. होतचंद काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला, “मुस्कुरा बेटा, थोड़ा ही,” आणि झालं. मेश्राम मंडळी गेल्यावर मी खाली घालून ठेवलेली मान वर केली.

“होतचंदजी, मी पडदा आहे तसा नेते. झाडासकट. समितीशी मी भांडेन. भिंतीवर एकटा लागेल, समोर कोणी नाही, तुम्हाला हवं होतं तसा.”

तो ब्रश धूत होता. “नहीं बहनजी.”

“पण तुम्हालाच बघायचं होतं ना? नुसतं घर?”

“हौ,” तो म्हणाला. “आज दोपहर देख लिया ना. सामने कोई नहीं था तो घर भी नहीं दिखा. लड़की खड़ी हुई, तब दिखा.”

अदीने माझ्यासमोर पापड आणि पाणी आणून ठेवलं. निघताना पापड देतात की नाही मला ठाऊक नाही. मी खाल्ला.

नागपूरला आल्यावर चिटणीसांनी आधी फॉर्म मागितले. होतचंदचा अर्धा भरलेला मी पिशवीतच ठेवला; बाकीचे दिले, ते कोरे होते. “बाई, चार दिवस राहून एकही निर्वासित सापडला नाही?” मी म्हटलं, “होता. त्याचं घर मी ओल्या फडक्याने पुसून आले.” त्यांना वाटलं मी थट्टा करते. हसले, आणि यादीतलं पुढचं गाव वाचायला लागले.